उलट्या वाटेची टिकटिक

सेलवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ ३ जानेवारी १९५७ रोजी जगापुढे आलं. ते बनवलं होतं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर इथल्या हॅमिल्टन कंपनीने. रेल्वेच्या माणसांना अचूक खिशातली घड्याळं पुरवून ही कंपनी नावारूपाला आलेली, आणि या नव्या घड्याळासाठी ती १९४६ पासून खपत होती. सेलचं घड्याळ म्हटलं की आज आपल्याला क्वार्ट्झ आठवतं. पण क्वार्ट्झ मनगटावर यायला तेव्हा अजून बारा-तेरा वर्षं अवकाश होता. हॅमिल्टनच्या या घड्याळात बॅलन्स व्हील होतं, हेअरस्प्रिंग होती, ज्वेल होते. कानाशी धरलं तर टिकटिकही ऐकू यायची. नव्हती ती फक्त चावी देऊन गुंडाळायची मेनस्प्रिंग. तिच्या जागी एक सेल बसला होता.

या जातीच्या घड्याळांचं राज्य जेमतेम वीस वर्षं टिकलं. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान, सोव्हिएत संघ, सगळीकडे ती तयार झाली, आणि १९७०च्या दशकात क्वार्ट्झ स्वस्त होताच सगळीकडून नाहीशी झाली. तेव्हापासून ती पोरकी आहेत. जुना घड्याळजी मागचं झाकण उघडतो, आत कॉइल दिसली की म्हणतो, ‘हे इलेक्ट्रॉनिक आहे, माझं काम नाही.’ सेल बदलून देणारा दुकानदार नवा सेल घालतो, काटा हलला नाही की म्हणतो, ‘मशीन गेलं, नवीन टाकून देऊ?’ आणि दीडदोनशे रुपयांचं क्वार्ट्झ मशीन त्या केसमध्ये बसतं. जुनं मशीन डबीत जातं, डबी कचऱ्यात. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं. कारण यांतली बरीचशी घड्याळं मेलेली नसतात. त्यांची सर्व्हिसिंग करता येते, आणि ती कशी करायची हे जाणणारी माणसं अजून आहेत.

आधी यातली गंमत समजून घ्यायला हवी. नेहमीच्या चावीच्या घड्याळात ताकद मेनस्प्रिंगमधून निघते, चाकांच्या साखळीतून पुढे येते आणि शेवटी बॅलन्सला पोचते. बॅलन्सचं काम वेळ मोजण्याचं. ढकलण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. सेलवरच्या बॅलन्स घड्याळात ही वाट बरोबर उलटी असते. वीज बॅलन्सला हलवते, बॅलन्स चाकाला ढकलतं, चाक पुढच्या चाकाला, आणि सर्वांत शेवटी काटे हलतात. म्हणजे जो वेळ मोजतो तोच मोटरचंही काम करतो. हा एक फरक नीट डोक्यात बसला की या घड्याळांचे बहुतेक आजार आणि त्यांवरचे उपाय आपोआप उलगडतात.

बॅलन्सला वीज हलवते कशी? झोपाळ्यावरच्या मुलाला आपण झोका देतो तेव्हा तो आपल्याजवळ येऊन परत फिरत असताना, नेमक्या क्षणी हलकासा धक्का देतो. आधी दिला तर झोका अडतो, उशिरा दिला तर हात हवेत जातो. तो नेमका क्षण कसा ओळखायचा, हाच या घड्याळांच्या इतिहासातला मुख्य प्रश्न. त्याची दोन उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर स्पर्शाचं. हॅमिल्टन ५०० या मशीनमध्ये कॉइल बॅलन्सवरच बसवलेली होती आणि चुंबकं खाली स्थिर. बॅलन्स ठरावीक जागी आलं की केसाइतकी बारीक सोन्याची तार दुसऱ्या भागाला क्षणभर शिवायची, वीज वाहायची, धक्का बसायचा, तार सुटायची. सेकंदाला पाच टोले, तासाला १८,०००. अशी सतत शिवणारी-सुटणारी तार किती दिवस सरळ राहणार? ती वाकायची, तिच्या टोकावर ठिणगीचे खड्डे पडायचे, धूळ बसायची. हे मशीन ज्यात होतं त्या ‘व्हेंच्युरा’ घड्याळाची, रिचर्ड आर्बिब यांनी आखलेली ती तिरकी, ढालीसारखी केस लोकांना वेड लावून गेली. एल्व्हिस प्रेस्लीने १९६१च्या ‘ब्लू हवाई’ चित्रपटात ती मनगटावर मिरवली. पण दुकानात घड्याळ बंद पडलं की गावच्या घड्याळजीला त्या तारांची घडी बसवता येत नव्हती. ते शिक्षण कोणी त्याला दिलंच नव्हतं. घड्याळं परत कारखान्याकडे येऊ लागली. हॅमिल्टनने १९६१ मध्ये ५०५ हे सुधारित मशीन आणलं. त्यात लांब नाजूक तारांची कटकट गेली आणि दुरुस्ती बरीच सोपी झाली. तरी १९६९ मध्ये कंपनीने ही घड्याळं बनवणं थांबवलं. माझ्या मते हॅमिल्टनची कल्पना अस्सल होती आणि घाई घातक. आणखी एकदोन वर्षं थांबून, घड्याळजींना तयार करून ते बाजारात उतरले असते तर ‘इलेक्ट्रिक घड्याळ म्हणजे डोकेदुखी’ हा शिक्का बसला नसता.

फ्रान्समधल्या बेझाँसाँच्या ‘लिप’ कंपनीने हाच प्रश्न थोडा शहाणपणाने हाताळला. लिप आणि अमेरिकेतली एल्जिन यांनी १९ मार्च १९५२ रोजी विजेच्या मनगटी घड्याळाची प्राथमिक रूपं जाहीर केली होती, म्हणजे हॅमिल्टनच्या पाच वर्षं आधी. विक्रीत मात्र लिपला १९५८ उजाडलं. त्यांच्या आर-२७ मध्ये संपर्काच्या जोडीला एक डायोड होता. वीज तोडताना कॉइलमध्ये जो झटका उसळतो तो हा डायोड गिळून टाकायचा, त्यामुळे ठिणगी मंदावायची आणि संपर्काची टोकं जास्त टिकायची. याच लिपच्या कामगारांनी १९७३ मध्ये कारखाना बंद पडण्याच्या बेतात असताना तो ताब्यात घेतला आणि घड्याळं स्वतः बनवून स्वतः विकली. कामगार चळवळीच्या इतिहासात लिपचं नाव आजही घेतलं जातं. घड्याळप्रेमींनी ते या डायोडसाठीही घ्यावं.

दुसरं उत्तर ट्रान्झिस्टरचं, आणि तेच खरं देखणं. इथे कशाला काही शिवतच नाही. चुंबकं बॅलन्सवर बसतात आणि कॉइल स्थिर राहते. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. चुंबक जवळून सरकताच पहिल्या गुंडाळीत इवलासा विद्युतदाब उमटतो. तो ट्रान्झिस्टरला जागं करतो. ट्रान्झिस्टर दुसऱ्या गुंडाळीत सेलची वीज सोडतो आणि चुंबकाला धक्का बसतो. चुंबक पुढे गेलं की सगळं पुन्हा गप्प. नेमका क्षण कोणता, हे बॅलन्स स्वतःच सांगतं. जपानच्या सिटिझनने १९६६ मध्ये ‘एक्स-८’ काढलं ते याच तत्त्वावर. पुढे तिची ‘कॉस्मोट्रॉन’ मालिका गाजली, आणि जगातली पहिली टायटॅनियमची केस १९७० मध्ये आली तीही एक्स-८ क्रोनोमीटरवर. जर्मनीत युंगहान्सने ‘आटो-क्रोन’ काढलं. स्वित्झर्लंडच्या ‘एबोश’ समूहाने ‘डायनोट्रॉन’ म्हणून ओळखलं जाणारं ९१५० कुळातलं मशीन तयार करून अनेक कंपन्यांना पुरवलं. म्हणून आज डायलवर नावं वेगवेगळी असली तरी झाकण उघडल्यावर आत तोच भाऊबंद भेटतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

असंच एक ९१५० कुळातलं मशीन मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका घड्याळजींच्या टेबलावर उघडलेलं पाहिलं. सत्तरी ओलांडलेले हे काका दुकान बंद करून आता घरीच, खिडकीशी बसून काम करतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला तो मल्टिमीटर, चिमटा नंतर. ‘चावीचं घड्याळ आलं की आधी कान लावायचा. हे आलं की आधी सेल मोजायचा,’ ते म्हणाले. सेलचा दाब बरोबर निघाला. मग त्यांनी सेल बाहेर काढून, तारा लावून, मशीन किती वीज खातं ते पाहिलं. निरोगी मशीन काही मायक्रोॲम्पियरवर चालतं. हिशेब सोपा आहे: १०० मिलिॲम्पियर-तासांचा सेल १० मायक्रोॲम्पियरने खर्च झाला तर १०,००० तास पुरतो, म्हणजे तेरा-चौदा महिने. वीज अजिबात जात नसेल तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा सेलच्या पट्टीवर गंज आहे. प्रमाणाबाहेर जात असेल तर कुठेतरी गळती आहे. बॅलन्स हाताने हलवल्यावर वीज जाते पण ते पुन्हा थांबतं, असं झालं तर सर्किट ठीक आहे आणि दोष तेलात किंवा घाणीत आहे. मशीनचा एक स्क्रूही न काढता एवढं निदान झालं.

या घड्याळाच्या सेलच्या खोबणीत पांढरट-हिरवा थर जमला होता. वर्षानुवर्षं आत राहिलेला सेल पाझरतो. त्यातला द्राव अल्कधर्मी असतो, म्हणून तो पाण्याने पुसून भागत नाही. काकांनी दातकोरणीच्या टोकाला कापूस गुंडाळला, पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला केला आणि पट्टी पुसली. मग शुद्ध पाणी, मग अल्कोहोल. संपूर्ण वेळ कॉइलवर डाव्या हाताने कागदाची आडोशाची पट्टी धरलेली. ‘इथे एक थेंब गेला तर संपलं.’

कॉइल ही या घड्याळाची सर्वांत हळवी जागा. तिची तार डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असते आणि तिला लाखेसारखा मुलामा असतो. घड्याळं धुण्याच्या नेहमीच्या द्रावात ती टाकली की मुलामा विरघळू शकतो. त्याहून मोठा धोका स्क्रू-ड्रायव्हरचा. साधा पोलादी ड्रायव्हर बॅलन्सजवळ नेला की चुंबक त्याला खेचतं, हात निसटतो आणि टोक थेट कॉइलवर आपटतं. अशी ओरखडलेली कॉइल मला काकांनी डबीतून काढून दाखवली. भिंगातून पाहिलं तर तांबड्या गुंडाळीवर एक आडवी चीर होती, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना तुटलेल्या तारांची टोकं उभी राहिली होती. एका चुकलेल्या हिसक्याने गेलेलं घड्याळ ते. काका या मशीनच्या आसपास पितळेचा चिमटा वापरतात, आणि पोलादी ड्रायव्हर वापरावाच लागला तर दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याला टेकू देतात.

बॅलन्स बाहेर आलं. वर-खाली दोन चकत्या, त्यांना चिकटवलेली इवली चुंबकं, आणि चकत्यांमधल्या फटीत कॉइल बसायची जागा. चुंबकांवर काळसर लव दिसत होती. ती लोखंडाची धूळ. पन्नास वर्षांत आसपासच्या पोलादी भागांची झीज होऊन निघालेला एकेक कण या चुंबकांनी ओढून घेतलेला असतो. तो फटीत अडकला की बॅलन्स घासतं, झोका लहान होतो. फुंकर मारून हा कण जात नाही, ब्रशने फक्त जागा बदलतो. घड्याळजींकडे चिकट पुट्टीसारखा एक पदार्थ असतो. त्याचं टोक अणकुचीदार करून काका चुंबकावर टेकवत आणि उचलत राहिले, कितीतरी वेळ. पुट्टी राखाडी होत गेली आणि चुंबक लख्ख.

इथे एक ताकीद सगळ्या घड्याळजींसाठी. मेकॅनिकल घड्याळ जोरात पळायला लागलं की ते डीमॅग्नेटायझरवर धरण्याची आपल्याकडे सवय आहे. हे घड्याळ चुकूनही तसं धरू नये. ज्या चुंबकांवर ते चालतं त्यांचाच जोर त्याने जातो, आणि मग कितीही सेल बदला, झोका यायचा नाही. चुंबक असलेलं बॅलन्स बाकीच्या पोलादी भागांबरोबर एका जाळीत धुवायचंही नाही.

बाकीची चाकं नेहमीसारखी धुऊन निघाली. प्रश्न आला तेलाचा. चावीच्या घड्याळात मेनस्प्रिंगचा जोर मागे असतो, तेल थोडं जास्त झालं किंवा जरा जाड वापरलं तरी चाकं ते रेटून नेतात. इथे मागे कोणीच नाही. सगळी साखळी बॅलन्सला ओढायची आहे आणि त्याच्याकडे ताकद मोजकी. काकांनी पिव्हटना, म्हणजे चाकांच्या आसांच्या टोकांना, जे तेल दिलं ते मला भिंगाशिवाय दिसलंही नाही. ‘कमी तेल ही याची सवय, जास्त तेल हा याचा आजार,’ ते म्हणाले. त्यांच्याकडे येणाऱ्या बंद घड्याळांपैकी बऱ्याच घड्याळांना दुसरा काही रोग नसतो. कुणीतरी प्रेमाने भरपूर तेल घातलेलं असतं, एवढंच.

मशीन जोडून सेल घातला, चावी आत ढकलली आणि बॅलन्स सुटलं. या मशीनचे टोले तासाला २१,६००, सेकंदाला सहा. टायमिंग मशीनच्या मायक्रोफोनवर ठेवल्यावर पडद्यावर रेघ उमटली. रेघ किती पळते, किती मागे पडते, हे खरं मानायचं. पण तेच यंत्र झोक्याचा जो कोन दाखवतं तो इथे धरून चालायचं नाही, कारण त्याचं गणित चावीच्या घड्याळाच्या आवाजावर बेतलेलं असतं. झोका काका डोळ्यांनीच जोखतात. तो छान मोठा आणि संथ होता.

मग सेलची गोष्ट निघाली. त्या काळातली अनेक घड्याळं पाऱ्याच्या सेलसाठी आखलेली होती. पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा, हा दाब तो शेवटपर्यंत जवळपास तसाच टिकवायचा, म्हणून घड्याळाची चालही सारखी राहायची. पारा विषारी. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून हे सेल मोडीत काढले, युरोपनेही तेच केलं, आणि ते योग्यच झालं. आज मिळतो तो सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टचा. हा फरक छोटा वाटतो, पण १.३५ साठी आखलेल्या मशीनमध्ये त्याने झोका वाढतो, कधी इतका की बॅलन्स आपल्या मर्यादेवर आपटू लागतं आणि घड्याळ पळत सुटतं. उपाय आहेत. सेलच्या वाटेत थोडा दाब खाणारा लहानसा डायोड बसवता येतो. काही मशीनमध्ये रेग्युलेटर सरकवून भागतं. सेलचा नुसता आकार जुळला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नये. त्या मशीनचा मूळ सेल किती व्होल्टचा होता हे विचारणारा दुकानदार भेटला तर त्याला सोडू नका.

सर्किटच गेलं तर? इथेच मला या घड्याळांबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो. आत एक ट्रान्झिस्टर, एखाददुसरा रेझिस्टर, कपॅसिटर, बस. डोळ्यांना दिसणारे, सुट्टे होणारे भाग. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्याच गुणधर्माचा आजचा इवला ट्रान्झिस्टर मिळू शकतो आणि स्थिर हात असेल तर तो जोडताही येतो. कॉइलची तार टोकाशी तुटली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली डाग देऊन जुळते. आत तुटली तर मात्र दुसऱ्या बंद मशीनमधली कॉइल घ्यावी लागते. आजच्या स्वस्त क्वार्ट्झ मशीनमध्ये काळ्या थेंबाखाली दडलेली चिप बिघडली तर अख्खं मशीन फेकण्यावाचून इलाज नसतो. म्हणजे मनगटावरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा जो पहिला काळ होता, तो माणसाच्या हाताला उघडा होता.

बाजारातली त्यांची हार मात्र न्याय्य होती, हेही मान्य करायला हवं. १९६० मध्ये बुलोव्हाचं ‘ॲक्युट्रॉन’ आलं. त्यात बॅलन्सच नव्हतं. सेकंदाला ३६० कंपनं करणारा ट्यूनिंग फोर्क होता आणि महिन्याला एक मिनिटाच्या आत फरकाची हमी. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोचं ‘क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन’ विक्रीला आलं, किंमत ४,५०,००० येन, फरक महिन्याला पाच सेकंद. बॅलन्सला यांच्या जवळपासही पोचता येणार नव्हतं. वेळ कळण्यासाठी हे घड्याळ कोणी आज वापरणार नाही.

भारतात ही घड्याळं फार आली नाहीत. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरात घड्याळाचा कारखाना काढला तो सिटिझनच्याच सहकार्याने, पण त्या काळात आपल्याकडे बनली ती मुख्यतः चावीची घड्याळं. आयातीवर कडक बंधनं होती. त्यामुळे इथे जी सापडतात ती परदेशी राहिलेल्या काका-मामांनी आणलेली, बोटीवर नोकरी केलेल्या कुणाची, किंवा चोरबाजारात फिरत आलेली. संख्येने थोडी म्हणूनच त्यांची नासाडी जास्त जिव्हारी लागते.

आणि या नासाडीत मुंबईचं नाव जगभर झालं आहे, हे सांगताना वाईट वाटतं. परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात ते भडक रंगात नव्याने रंगवलेल्या डायलच्या, इथल्या-तिथल्या भागांनी जोडलेल्या जुन्या घड्याळांना. आपले कारागीर कसबी आहेत यात शंका नाही. एवढ्या बारीक डायलवर हाताने अक्षर छापणं येरागबाळ्याचं काम नव्हे. पण डागाळलेला मूळ डायल घासून त्यावर निळा-केशरी रंग चढवला की त्या घड्याळाचा पुरावाच पुसला जातो. काकांनी समोरच्या घड्याळाच्या डायलला हात लावला नाही. बाराच्या आकड्याजवळ पिवळट डाग होता, तो तसाच ठेवला; फक्त धूळ झटकली. मालकाने रंगवून मागितला तर? ‘तर मी घड्याळ परत देतो,’ ते म्हणाले. मला ही भूमिका पूर्ण पटते.

हॅमिल्टनच्या वाट्याला रेने राँदो यांच्यासारखा माणूस आला. ज्यांना बहुतेक घड्याळजी नाही म्हणत होते ती घड्याळं त्यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं दुरुस्त केली आणि ‘द वॉच ऑफ द फ्यूचर’ हे पुस्तक लिहून ते ज्ञान मागे ठेवलं. मराठीत असं काही माझ्या पाहण्यात नाही. घड्याळ दुरुस्ती शिकवणाऱ्या आपल्या संस्थांनी आणि हौशी मंडळांनी काकांसारख्यांना टेबलाशी बसवून त्यांचं काम चित्रित करून ठेवलं तरी पुष्कळ होईल. हे तातडीने करायला हवं; ही माणसं सत्तरीच्या पुढे आहेत.

तोवर आपल्याला करता येईल ते एवढं. घरात जुन्या घड्याळांचा डबा असेल तर या दिवाळीत तो उघडा. डायलवर ‘इलेक्ट्रिक’, ‘इलेक्ट्रॉनिक’, ‘कॉस्मोट्रॉन’, ‘डायनोट्रॉन’ असं काही लिहिलेलं दिसलं तर आतला सेल लगेच काढून घ्या. मेलेला सेल आत ठेवणं हे या घड्याळांच्या मृत्यूचं मोठं कारण आहे. स्वतः चिमटा घालू नका. क्वार्ट्झ मशीन टाकून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, आणि कोणी आधीच टाकलं असेल तर निघालेलं मूळ मशीन मागून घ्या. डायल रंगवू नका. आणि घड्याळ अगदीच गेलेलं असलं तरी फेकू नका, एखाद्या जाणत्या घड्याळजीला देऊन टाका. त्यातली एक शाबूत कॉइल दुसरं घड्याळ चालवू शकते.